आपली पत कोणत्या दप्तरांत लिहिली आहे?

शेतकऱ्याची पत पूर्वीं गांवांत असे. अमक्याचा शब्द खरा, तमक्याच्या हातीं पैसा दिला तर तो सुगीवर परत येतो, हें पारावर बसणाऱ्या दहा माणसांस ठाऊक असे, आणि सावकारहि त्याच मताचा आधार घेई. हल्लीं ही पत गांवांत राहिलेली नाहीं. ती दूर एका कंपनीच्या दप्तरांत असते, तीन आंकड्यांत मोजली जाते, आणि ज्याची ती पत त्यानें तें दप्तर बहुधा कधीं पाहिलेलेंच नसतें. आम्हींहि पाहिलें नव्हतें. सरकारी दप्तरांत उभी हयात घालविलेल्या माणसानें हें कबूल करावें ह्यांत भूषण नाहीं. परंतु पुढील हकीकत आमच्या शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडेल, म्हणून संकोच सोडून लिहीत आहों.

आमचें गांव चांदे, तालुका मुळशी. नांदे-चांदे अशीं जोडीनें ज्यांचीं नांवें घेतात त्यांतलें हें एक. पूर्वीं आमच्या शेतांत भात, आणि भात निघाल्यावर ओलीवर येईल तेवढें कडधान्य, एवढेंच उत्पन्न. आतां हिंजवडी-माणच्या बाजूनें शहर बांधापर्यंत येऊन ठेपलें आहे, आणि गुंठ्याचा भाव ऐकून आमच्या वडिलांस घेरी आली असती. अशा गांवांत, बोजा नसलेला सातबारा हातांत असलेल्या शेतकऱ्यास बँकेनें सहा लाख रुपये नाकारावे, हें कोणास खरें वाटणार नाहीं. आम्हांसहि वाटलें नाहीं.

चिरंजीवांनीं पांच म्हशी घेऊन गोठा बांधण्याचें मनांत आणिलें होतें; दुधास गिऱ्हाईक दाराशींच आहे. जमीन आमच्या नांवें असल्यामुळें कर्जहि आमच्याच नांवें मागावयाचें ठरलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें अर्ज दिला. सातबारा, आठ-अ, फेरफार, पेन्शनचा दाखला, सर्व कागद आम्हीं स्वतः लाविले होते. त्यांत त्रुटि निघण्याचा प्रश्न नव्हता. दहा दिवसांनीं तेथील तरुण अधिकाऱ्यानें आम्हांस खुर्ची देऊन अदबीनें सांगितलें, "काका, कागद चोख आहेत. पण तुमचा सिबिल स्कोअर ५९४ आहे. वरून मंजुरी मिळणार नाहीं." आम्हीं सातबारा पुन्हां पुढें केला. तो म्हणाला, "हा जमिनीचा झाला. तो तुमचा आहे."

ह्या एका उत्तरांत सर्व विषय आला. जमिनीचें दप्तर निराळें आणि माणसाचें दप्तर निराळें. पहिलें आम्हांस तोंडपाठ. दुसऱ्याची ओळख नाहीं.

घरीं येऊन चौकशी केली ती अशी. सन २००० मध्यें मुंबईस क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो नांवाची कंपनी निघाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सिबिल हें नांव पडलें. पुढें २००५ सालीं ह्या धंद्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला. आज हिंदुस्थानांत अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. वनस्पती तूप कोणतेंहि असो, लोक त्यास डालडा म्हणत, तसें ह्या चौघींच्याहि अहवालास आपण सिबिलच म्हणतों. बँका, वाहनास कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था, सोनें तारण घेणाऱ्या पेढ्या, ह्या सर्व आपल्या कर्जदारांचा हिशेब ह्या कंपन्यांकडे धाडतात. १ जानेवारी २०२५ पासून हा हिशेब निदान दर पंधरवड्यास गेला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम झाला. त्यावरून ३०० ते ९०० ह्यांमधील एक आंकडा काढतात. साडेसातशेंच्या वर तो असल्यास सामान्यतः चांगला मानितात; परंतु किती आंकड्याखालीं कर्ज नाकारावें ह्याचा कायदा नाहीं, ती ज्या त्या बँकेची मर्जी.

आतां ह्या दप्तराचा आणि आमच्या जुन्या दप्तराचा एक मोठा भेद सांगितला पाहिजे. गांव नमुना सहामध्यें फेरफार धरला म्हणजे तलाठी (आतां त्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) हितसंबंधितांस नोटीस देतो, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतो, आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद चुकीची असली तर ती कायम होण्यापूर्वीं ओरडण्यास जागा असते. पतीच्या दप्तरांत असें नाहीं. बँकेनें कळविलें कीं नोंद झाली. कंपनी स्वतः चौकशी करीत नाहीं, आपणांस विचारीत नाहीं. नोंद आधीं कायम, हरकत मागाहून. आणि हरकत घेण्यासाठीं ती नोंद आपण होऊन पाहिली पाहिजे. जो पाहत नाहीं त्यास बँकेच्या खुर्चीवर बसून कळतें, जसें आम्हांस कळलें.

अहवाल मागविण्यास पैसे पडत नाहींत. चारहि कंपन्यांनीं प्रत्येकास वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा नियम २०१७ पासून आहे. मोबाइलवर पॅन क्रमांक आणि जन्मतारीख घातली कीं येतो. आपला अहवाल आपण पाहिल्यानें आंकडा कमी होतो अशी एक समजूत गांवोगांवीं पसरली आहे. ती खोटी आहे. कमी होऊं शकतो तो निरनिराळ्या बँकांनीं, आपण कर्ज मागितल्यामुळें, तो वरच्यावर पाहिल्यानें. सबब एकाच महिन्यांत पांच ठिकाणीं अर्ज टाकूं नयेत.

अहवाल इंग्रजींत आला. आमचें शिकणें मराठी शाळेतलें. सूनबाईंनीं ओटीवर बसून एकेक ओळ वाचून अर्थ सांगितला. प्रत्येक कर्जाचें निराळें पान, केव्हां घेतलें, किती शिल्लक, किती थकलें, आणि खालीं गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन. ज्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला त्या चौकोनांत तीन शून्यें. जितके दिवस उशीर तितका आंकडा. खतावणी वाचणाऱ्यास ह्यांत अवघड कांहीं नाहीं. तीन ठिकाणीं मात्र आमची बोटें थांबलीं.

पहिली नोंद ट्रॅक्टरची. हा ट्रॅक्टर आम्हीं एका वित्तसंस्थेकडून कर्ज काढून घेतला होता. शेवटचा हप्ता २०१८ सालीं भरला, बेबाकी दाखला घेतला, आरटीओंत जाऊन गाडीच्या कागदावरील बोजा उतरविला. अहवालांत तें खातें चालू असून ७,४६० रुपये थकले होते. दुसरी नोंद मोटारसायकलची. आम्ही मोटारसायकल कधींहि घेतलेली नाहीं. आमच्या भावकींत एक तरुण आहे. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याच्या आपल्या रिवाजामुळें त्याचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव आमच्याशीं तंतोतंत जुळतें. गांवहि एकच. जन्मतारीख व पॅन निराळा. पण कर्ज देणाऱ्यानें पॅनचा रकाना कोरा सोडला होता, आणि दप्तरानें नांव-गांव पाहून तें कर्ज आमच्या पानावर बसविलें. ज्या गांवांत अर्धा गांव एका आडनांवाचा, तेथें असें होणें नवल नाहीं. त्यांत देवनागरी नांव इंग्रजींत लिहितांना प्रत्येक कारकून आपापल्या कानाप्रमाणें लिहितो.

तिसऱ्या नोंदीविषयीं पुढें सांगूं.

येथें थोडें विषयांतर करितों. १८७५ च्या मे महिन्यांत आमच्याच पुणें जिल्ह्यांत सुपें येथें रयतेनें सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे व चोपड्या जाळल्या. पुढें हें लोण नगर जिल्ह्यांतहि गेलें. इतिहासांत त्यास दख्खनचे दंगे म्हणतात. रयतेचा राग चोपडींत काय लिहिलें आहे हें तिला कधींच कळत नसे ह्याबद्दलहि होता. अंगठा देऊन जाई, आणि फेडलेलें देणें पुन्हां उभें राही. सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांसाठीं तो होता. त्यांतील व्याजाचीं व दिवाणी दाव्यांचीं कलमें वकिलांनीं पुष्कळ चर्चिलीं. पण आम्हांस त्यांतील तीन साधीं कलमें अधिक मोलाचीं वाटतात. कर्जदार शेतकऱ्यानें पैसे दिले कीं सावकारानें लेखी पावती द्यावी. दर वर्षीं हिशेबाचा उतारा द्यावा. आणि शेतकऱ्यानें मागितल्यास पासबुकांत हिशेब उतरवून द्यावा. आपल्याविषयीं चोपडींत काय लिहिलें आहे तें पाहण्याचा हक्क शेतकऱ्यास त्या कायद्यानें दिला. वर्षांतून एकदां फुकट मिळणारा आजचा अहवाल हा त्याच हक्काचा नातू होय. फरक एवढाच कीं आजची चोपडी जाळतां येत नाहीं.

तेव्हां ती दुरुस्त करण्याच्या मार्गास लागलों. ६ मार्च २०२५ रोजीं पहिल्या दोन नोंदींबद्दल कंपनीकडे ऑनलाइन तक्रार नोंदविली आणि तिचा क्रमांक वहींत उतरून घेतला. त्याच दिवशीं दोन्ही वित्तसंस्थांस पोहोंच-टपालानें पत्रें धाडलीं. ह्याचें कारण असें कीं कंपनी स्वतःच्या अधिकारांत नोंद बदलूं शकत नाहीं. ज्यानें ती कळविली त्याचा होकार यावा लागतो. म्हणजे मूळ दुरुस्ती कर्ज देणाऱ्याच्या वहींतच व्हावयाची. पत्रासोबत ट्रॅक्टरच्या बाबतींत बेबाकी दाखल्याची व शेवटच्या पावतीची नक्कल, आणि मोटारसायकलच्या बाबतींत पॅनची नक्कल व "हें कर्ज आमचें नव्हे" असें स्पष्ट निवेदन जोडलें. सात वर्षांपूर्वींची पावती निघाली ती आमच्या पत्नीच्या लोखंडी पेटींतून. आम्हीं ती केव्हांच निरुपयोगी ठरवून बंबांत घालण्यास सांगितली होती, हेंहि नमूद करतों.

आतां मुदतीचा नियम नीट ध्यानांत घ्यावा, कारण सर्व जोर त्यांत आहे. तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे. न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये तक्रारदारास द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेनें हा नियम ऑक्टोबर २०२३ मध्यें काढला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. कर्ज देणाऱ्या संस्थेनें २१ दिवसांच्या आंत दुरुस्ती कंपनीकडे धाडावयाची. तिनें उशीर केला तर दंड तिनें द्यावा, तिनें वेळेवर धाडून कंपनीनें उशीर केला तर कंपनीनें. तक्रार फेटाळली तर कारण लेखी सांगितलें पाहिजे. इतक्यावरहि समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. तेथें फी नाहीं, वकील नको, आणि अर्ज टपालानेंहि चालतो. मात्र आधीं संस्थेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. तोंडी सांगून आलों, साहेब म्हणाले बघतों, ह्यास दप्तरांत किंमत नाहीं.

मोटारसायकलची नोंद २१ दिवसांत, म्हणजे २७ मार्च रोजीं निघाली. ट्रॅक्टरच्या संस्थेनें मात्र प्रथम उत्तरच दिलें नाहीं. जेथून कर्ज घेतलें ती शाखा उठून गेलेली. दुसऱ्या शाखेंत गेलों तों तेथें आमचा कागद नाहीं असें सांगण्यांत आलें. तीसावा दिवस उलटल्यावर आम्हीं दुसरें पत्र लिहिलें. त्यांत रागाचा एक शब्द नव्हता. तक्रारीचा क्रमांक, तिची तारीख, तीस दिवस पुरे झाल्याची तारीख, आणि शंभर रुपयांचा नियम, एवढेंच. एकेचाळीसाव्या दिवशीं खातें बंद म्हणून लागलें, आणि पुढील आठवड्यांत ११ दिवसांचे १,१०० रुपये आमच्या बचत खात्यांत जमा झाले. थकबाकी कसली होती हें शेवटपर्यंत कोणी सांगितलें नाहीं. शेवटच्या हप्त्यानंतर लागलेला कसलासा आकार असावा असा आमचा तर्क आहे.

हें वाचून कोणी म्हणेल कीं सातबारा कोरा असतांना हा प्रकार झाला, मग सातबाऱ्याचा उपयोग काय? उपयोग आहेच, पण एका दप्तरांतील दुरुस्ती दुसऱ्यांत आपोआप उतरत नाहीं. सोसायटीचें कर्ज फेडलें तरी इतर हक्कांतील बोजा सोसायटीचें पत्र जाऊन फेरफार मंजूर होईपर्यंत तसाच राहतो. आमच्या नोकरींत आम्हीं असे उतारे पाहिले आहेत कीं आजोबांची तगाई फिटून दोन पिढ्या झाल्या, तगाई देणारें खातेंहि राहिलें नाहीं, आणि बोजा मात्र उताऱ्यावर ठाण मांडून आहे. २०२५ सालीं राज्य सरकारनें 'जिवंत सातबारा' ही मोहीम काढली. तिच्या दुसऱ्या टप्प्यांत असल्या कालबाह्य नोंदी कमी करण्याचें काम घेतलें. हल्लीं बोजा चढविण्याचा वा उतरविण्याचा अर्ज ई-हक्क प्रणालींतून देतां येतो, आणि उताऱ्यांत लेखनप्रमाद असल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खालीं तहसीलदारांकडे अर्ज करावा. सारांश, कर्ज फिटल्यावर तीन ठिकाणीं पाहावयाचें: कर्ज देणाऱ्याची वही, सातबारा (वाहन असेल तर त्याचा कागद), आणि पतीचा अहवाल. आम्हीं दोन पाहिलीं आणि तिसरें राहिलें.

पीककर्जाविषयीं दोन शब्द. पीककर्जास बँकांनीं सिबिलची अट घालूं नये असें मुख्यमंत्र्यांनीं मे २०२५ मध्यें राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकींत बजाविलें. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जास तारणहि लागत नाहीं. तेव्हां लहान पीककर्जापुरती ह्या आंकड्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. पण गोठा, विहिरीवरचा पंप, हरितगृह, मुलांचें शिक्षण, ह्यांस कर्ज मागतांना तो आंकडा पुढें येतोच, आणि त्यांत बँकेकडील पीककर्जाचा हिशेबहि मोजलेला असतो.

येथेंच आमचे पुष्कळ बंधू फसतात. २०१७ सालीं दीड लाखांची, आणि २०१९ सालीं दोन लाखांची कर्जमाफी झाली. तेव्हांपासून मार्च आला कीं नवें-जुनें करावें कीं थांबावें अशी चर्चा गांवांत सुरू होते. माफी मिळेल तेव्हां मिळेल. तोंवर चौकोनांतील आंकडे वाढत असतात, आणि अल्पमुदतीच्या पिकाचें कर्ज मुदतीनंतर दोन हंगाम थकलें कीं बँक तें अनुत्पादक म्हणून धरते. मुदतींत फेडणारास मिळणारी व्याजाची सवलतहि जाते. ज्यांस मागें माफी मिळाली त्यांनीं तर अहवाल अगत्यानें पाहावा. खातें 'क्लोज्ड' असें लिहिलें असल्यास ठीक. 'रिटन ऑफ' किंवा 'सेटल्ड' असें असल्यास बँकेनें कर्ज बुडीत धरलें किंवा तडजोडीनें मिटविलें असा त्याचा अर्थ होतो. सरकारनें बँकेस पूर्ण रक्कम भरली असल्याचा दाखला हातांत असेल तर शाखेकडे लेखी दुरुस्ती मागावी. खासगी तडजोड करतांनाहि हें ध्यानांत असूं द्यावें: चार हजारांची सूट घेतल्यास पूर्ण फेडीचा शिक्का मिळत नाहीं.

घोटवडे फाट्यापासून पिरंगुटापर्यंत "सिबिल वाढवून मिळेल" असें सांगणारे लोक भेटूं लागले आहेत. ते दोन-पांच हजार घेतात आणि जी तक्रार आपण फुकट करूं शकतों तीच करतात. खरी नोंद त्यांच्यानें पुसवत नाहीं, कारण ती कोणाच्यानेंच पुसवत नाहीं.

हें आम्हीं अनुभवानें सांगत आहों. आमच्या अहवालांतील तिसरी नोंद खरी होती. मेहुण्यांनीं मालवाहू जीप घेतली तेव्हां जामीन म्हणून आमची सही आहे. २०२२ सालीं त्यांचे सहा हप्ते थकले, आणि कर्जदाराच्या पानावर जे आंकडे पडले तेच जामीनदाराच्या पानावर पडले. आम्हांस कोणी कळविलें नाहीं, मेहुण्यांनीं तर नाहींच. जामीन ही आपल्याकडे लग्नांतील आहेरासारखी देण्याची वस्तु झाली आहे. राहिलेले हप्ते अखेर आम्हींच भरले. त्या नोंदीबद्दल तक्रार केली नाहीं. करण्यास जागाच नव्हती. असा हिशेब निदान सात वर्षें दप्तरांत राहतो. त्यावर इलाज एकच, पुढचे चौकोन तीन शून्यांनीं भरीत जाणें.

मेच्या आरंभीं पुन्हां अहवाल काढिला तेव्हां आंकडा ६८८ झाला होता. बँकेनें सहा लाखांऐवजीं साडेतीन लाख मंजूर केले. पांच म्हशींच्या ठिकाणीं तीन आल्या. गोठ्याचें पत्र्याचें काम घरच्या पैशानें केलें. दोन्ही पत्रांच्या मराठी नकला आमच्यापाशीं आहेत; ज्यांस पाहिजेत त्यांनीं घरीं येऊन उतरून घ्याव्या. मेहुण्यांशीं आमचें बोलणें आहे, सणावारीं जाणें-येणेंहि आहे. जीपचा विषय मात्र दोघांपैकीं कोणी काढीत नाहीं.